घट्ट धरणारा शब्द

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘फास्ट’ म्हणजे जलद, तर मग ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला आणि ‘स्टक फास्ट’ म्हणजे घट्ट रुतलेला कसा, असे विचारून तू इंग्रजीला बेभरवशाची ठरवले आहेस. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पक्का, अढळ असाच होता आणि जर्मन भाषेतले त्याचे भावंड ‘फेस्ट’ आजही तोच अर्थ सांगते. वेगाचा अर्थ पुढे मध्ययुगीन इंग्रजीत आला, आणि तो कसा आला हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण आपणही ‘दोरी जोरात धर’ म्हणतो आणि ‘जोरात पळ’ही म्हणतो. जोर तोच असतो. धरण्याला लागला की पकड होते, पळण्याला लागला की वेग होतो.

उपवासाचा ‘फास्ट’ही याच घराण्यातला आहे. मनाला घट्ट बांधून घेणे, नेम पाळणे, असा त्याचा मार्ग. आपण उपवास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’, हे इथे मुद्दाम लक्षात घे. इंग्रजी तो मोडते, म्हणून रात्रभराच्या उपवासानंतरचे पहिले खाणे ‘ब्रेकफास्ट’ झाले. बांधणे या अर्थाच्या ‘फासन’मध्ये ‘ट’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही, एवढाच फरक. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे आपल्या जागी अढळ.

मला सर्वांत आवडतो तो ‘शेमफेस्ड’. त्यात चेहऱ्याचा काही संबंध नव्हता. मूळ रूप ‘शेमफास्ट’, म्हणजे लाजेने धरून ठेवलेला, संकोची. लाज चेहऱ्यावर दिसते म्हणून लोकांनी कानाला जवळचा वाटणारा ‘फेस’ तिथे बसवला आणि ती चूकच पुढे शुद्ध रूप ठरली. शब्दांचे असे भाबडे गैरसमज मला फार जिव्हाळ्याचे वाटतात.

घड्याळ ‘फास्ट’ असते तेव्हा ते पुढे गेलेले असते, हे तुला ठाऊकच आहे. कपड्याचा रंग ‘फास्ट’ असतो तेव्हा तो धुण्याने जात नाही. शिक्षिकेने गुण कापलेले तुझे भाषांतर याच जागी चुकले आहे. ‘भरभर उडणारा रंग’ खोडून ‘पक्का रंग’ लिही.

तुझी,
आई