हॉर्टन प्लेन्सला निघण्याची वेळ पहाटेचीच

महोदय,

उन्हाळी सुट्टीच्या श्रीलंका सहलींच्या जाहिरातींत हॉर्टन प्लेन्स या डोंगरपठारावरच्या राष्ट्रीय उद्यानाची भेट अनेकदा 'नाश्त्यानंतर' दाखवतात. ही वेळ साफ चुकीची आहे. दऱ्याखोऱ्यांतली दमट हवा ऊन चढताच उतारावरून वर सरकते आणि नऊ-दहाच्या सुमारास 'वर्ल्ड्स एंड'चा आठशे मीटरहून खोल कडा ढगात बुडतो. मग तिकिटाचे पैसे भरून पांढरा पडदा पाहायचा!

पठार 2100 मीटरच्या वर आहे. जवळच्या नुवारा एलिया गावाहून पहाटे पाचच्या आत निघावे आणि दार उघडताच आत शिरावे. चालण्याची फेरी सुमारे 9 किलोमीटरची, तीन-चार तासांची. आधी कडा गाठावा. बेकर्स फॉल परतीच्या वाटेवर ठेवला तरी बिघडत नाही, धबधबा कुठे जात नाही. पहाटे हाडे गोठवणारी थंडी असते. सुती कपडे दवाने ओले होऊन अंगाला चिकटतात, म्हणून लोकरीचा थर आणि वर वारारोधक जाकीट हवे. वाट चिखलाची, मुळांची, चपला नकोत. कड्यावर सर्वत्र कठडा नाही, मुलांचा हात सोडू नये.

प्रवेशद्वारावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टने काढून घेतात. खाऊ घरूनच डब्यात भरावा. सांबरे माणसाळलेली आहेत, पण त्यांना काहीही भरवू नये. पिशव्याही त्यांच्या पोटात जातात.

जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. मेपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि सुट्टीतल्या सहली नेमक्या तेव्हाच निघतात. आयोजकांनी हे पैसे घेण्याआधी सांगावे.

– एक वाचक, ठाणे