कॅमेऱ्याला बंदी, ड्रिलला मुभा
(केंद्रीय संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र)

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. 12 जुलै 2018 रोजी दिल्लीत टिळक मार्गावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नव्या मुख्यालयाचं, धरोहर भवनाचं, उद्घाटन झालं. उपग्रहावरून जमिनीवरच्या बारीकसारीक गोष्टी टिपता येतात अशा काळात स्मारकांपाशी फोटोबंदी कशाला, असा सवाल त्या व्यासपीठावरून खुद्द पंतप्रधानांनी केला. लगोलग घोषणाही झाली: केंद्राच्या संरक्षणाखालच्या सगळ्या स्मारकांच्या आवारात फोटो काढायला मुभा. अपवाद तीनच. अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला मुख्य मकबरा.

ते कात्रण मी जपून ठेवलं. कॅमेऱ्याच्या बॅगेत, लेन्स पुसायच्या फडक्याखाली ते अजून आहे. गेल्या महिन्यात मी ते एका सुरक्षारक्षकाच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “काका, हे पेपरातलं आहे. आमच्याकडे असलं काही आलेलं नाही.”

स्मारकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कारवाई त्या कंत्राटी पोरावर होईल, आणि या सगळ्यात त्याचा दोष सर्वांत कमी आहे. जुनं दगडी मंदिर आहे, पूजाअर्चा चालू आहे, दारात संरक्षित स्मारकाचा फलक आहे. सकाळी थोडाच वेळ ऊन द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीवर, तिरकं पडतं आणि कोरीव काम उठून दिसतं. त्यासाठी अंधारात घर सोडून, दुखरे गुडघे सांभाळत मी तिथं पोचलो होतो. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, लेन्स गाभाऱ्याकडे वळवलेलीसुद्धा नाही. दोन-चार फोटो झाले नसतील, तोच शिट्टी वाजली.

“मोबाईलवर काढा ना काका, किती पण काढा. कॅमेरा चालत नाही.”

मग काढलेले फोटो पुसून टाकायचं फर्मान सुटलं. कॅमेरा त्यानं हातात घेतला, पण त्याला ते बटणच सापडेना. शेवटी मीच दाखवलं: ही कचऱ्याच्या डब्याची खूण, इथं दाबा, आता ‘होय’ म्हणा. आपलंच डोकं उडवायला आपणच तलवार परजून द्यावी, तसा प्रकार. मागे एक कुटुंब त्याच द्वारशाखेला रेलून, फ्लॅश पाडत रील करत होतं. त्यांना कोणी हटकलं नाही. मोबाईल म्हणजे कॅमेरा नव्हे, असं तिथलं शास्त्र असावं.

पुसल्या गेलेल्या फोटोंत काय होतं, तेही सांगतो. द्वारशाखेच्या पायाशी मकरावर, म्हणजे मगरीसारख्या वाहनावर, उभी नदीदेवता गंगा कोरलेली आहे. तिच्या खांद्यालगत ड्रिलनं भोकं पाडून स्विचबोर्ड ठोकला आहे. भोकाभोवती दगडाचा टवका उडालेला, वायर दुसऱ्या बाजूच्या यमुनेच्या डोक्यावरून पलीकडे नेलेली, आणि ती लोंबू नये म्हणून मध्ये सिमेंटचा गोळा थापलेला. वर गणेशपट्टीला, म्हणजे दारावरच्या आडव्या दगडाला, चकचकीत पिवळा ऑइलपेंट. (तो स्विचबोर्ड मी नंतर मोबाईलवर काढला. त्याला बंदी नव्हती.) 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित वास्तूला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. तिथं शिट्टी कोणाविरुद्ध वाजली, ते वर लिहिलंच आहे.

गैरसमज नको. मी गाभाऱ्यातल्या देवाचा फोटो मागत नाही. श्रद्धेनं ‘नको’ म्हटलं की मी कॅमेरा आपण होऊन बॅगेत टाकतो, मग ते मंदिर असो, दर्गा असो की विहार. बँकॉकच्या पाचूच्या बुद्धाचा फोटो मंदिराच्या आत काढू देत नाहीत. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटोसाठी उभं राहणं हा अपमान समजला जातो, आणि 2012 मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना तिथल्या न्यायालयानं स्थगित कारावास ठोठावला. माझी त्यावर काही तक्रार नाही. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक आहे. तिथल्या अनंगू लोकांनी त्याच्या ठरावीक भागांचे फोटो काढू नका, असं सांगून ठेवलं आहे. कुठून कुठपर्यंत, हे जागेवरच्या पाटीवर असतं आणि कारणही दिलेलं असतं: खडकाचा तो भाग आमच्यासाठी धर्मग्रंथासारखा आहे, तो त्याच जागी आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनीच पाहावा. इतकं समजावून सांगितल्यावर ज्याला कॅमेरा वर उचलावासा वाटतो, तो फोटोग्राफर नव्हे, आगाऊ माणूस.

आपल्याकडे कारण विचारलं तर ‘वरून ऑर्डर आहे’. वर म्हणजे कुठं, ते शिखराच्या कळसालाही ठाऊक नसेल.

निदान व्हॅटिकनचा हिशेब तरी सरळ होता. तिथल्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहातल्या चित्रांच्या जीर्णोद्धाराला निप्पॉन या जपानी टीव्ही कंपनीनं पैसे दिले आणि त्या बदल्यात छायाचित्रणाचे हक्क मिळवले, म्हणून बाकीच्यांना फोटोबंदी. त्या हक्कांची मुदत कधीच सरली, बंदी मात्र मागे राहिली. नियम एकदा जन्माला आला की त्याचं कारण मेलं तरी तो मरत नाही, हे तिथंही खरंच. पण त्यांना जीर्णोद्धार तरी मिळाला. आपल्याला काय मिळालं? स्विचबोर्ड. आणि इजिप्त! कॅमेरा दिसला की हटकण्याबद्दल जो देश बदनाम होता, त्यानंही 2022 मध्ये सार्वजनिक जागी वैयक्तिक फोटो काढणं विनापरवाना आणि मोफत करून टाकलं.

आता जरा आपल्याच घरातलं. तामिळनाडूतल्या श्रीपुरंथान गावच्या मंदिरातून चोळकालीन कांस्य नटराज चोरीला गेला. 2008 मध्ये तो कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेली होती, अशी कागदपत्रं विकणाऱ्यानं दिली होती. ती खोटी ठरली, कारण पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे त्याच नटराजाचा त्याच मंदिरात काढलेला फोटो निघाला. ही मंडळी 1956 पासून दक्षिणेतल्या देवळादेवळांत जाऊन फोटो काढत आली आहेत, त्यांच्या संग्रहात दीड लाखावर फोटो आहेत. सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्वतः ती मूर्ती घेऊन दिल्लीत आले. हारतुरे झाले, फोटोही झाले. त्या फोटोंना कोणी शिट्टी मारली नाही.

त्या काळी एखाद्या तत्पर रखवालदारानं तो फोटो काढूच दिला नसता, तर आपण कॅनबेराला काय दाखवलं असतं? श्रद्धा?

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती तालिबाननं मार्च 2001 मध्ये सुरुंग लावून उडवल्या. मोठी मूर्ती जवळपास 55 मीटर उंच होती. नंतर झ्युरिकच्या संशोधकांनी संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती उभी केली, ती 1970 मध्ये एका ऑस्ट्रियन प्राध्यापकानं मोजमापासाठी काढलेल्या फोटोंवरून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या हौशी प्रवाशांच्या फोटोंवरूनसुद्धा. माझ्यासारख्यांच्या, साहेब. ज्यांना ‘तुम्ही कोणत्या संस्थेचे?’ असं विचारून वाटेला लावलं जातं त्यांच्या.

हा प्रश्न मला एका कार्यालयात विचारला गेला. ट्रायपॉड लावायची रीतसर परवानगी काढावी म्हणून गेलो होतो. संस्था नाही म्हटल्यावर टेबलामागचे गृहस्थ खरोखरच हळहळले. “मग कसं होणार? अर्जात रकाना आहे ना.” रकान्यात ‘स्वतः’ लिहितो म्हणालो, तर ते बसत नाही म्हणे. चित्रपटवाल्यांसाठी फॉर्म आहे, प्रीवेडिंगवाल्यांना वाट ठाऊक आहे, विद्यापीठाचं पत्र आणणाऱ्याला खुर्ची आहे. नुसत्या नागरिकाला कुठला रकाना, ते अजून ठरायचं आहे. मग ऑनलाइन तक्रार केली. ती ‘निकाली काढली’ असा संदेश आला. निकाल काय लागला, ते त्यात नव्हतं. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं की ही तक्रार आधीच निकाली निघाली आहे. घरचे म्हणतात, सोडा आता, रक्तदाब वाढतो. वाढतोच. पेन्शनीत कॅमेरा घेतला तो नातवंडांचे वाढदिवस टिपायला नव्हे. ही देवळं, मशिदी, लेणी आज आहेत तशी नोंदून ठेवावीत, एवढ्याचसाठी घेतला होता. खांद्यावरचं ते ओझं घेऊन चोरासारखं खाली मान घालून बाहेर पडायचं, आणि तेही तिकीट काढून आत गेलेलं असताना, हे या वयात सोसवत नाही.

आकडेही ऐकाच. केंद्राच्या संरक्षणाखाली साडेतीन हजारांवर स्मारकं आहेत. महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात लिहिलं की पाहणी केलेल्या 1,655 पैकी 92 स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. पुढं खात्यानं शोधाशोध केली, काही सापडली, काही धरणाखाली गेल्याचं कळलं, काही शहरांच्या पोटात गेली, आणि 24 चा पत्ताच लागला नाही. अख्खी स्मारकं! 2024 मध्ये त्यातल्या 18 ची नावं यादीतून काढायची अधिसूचना निघाली. म्हणजे हरवलं ते शोधायचं नाही, यादी लहान करायची. संसदीय समितीच्या 2022 च्या अहवालात आणखी एक हिशेब आहे: गरज सुमारे 7,000 सुरक्षारक्षकांची, दिले 2,578, तेही फक्त 248 ठिकाणी. बाकीची हजारो ठिकाणं रामभरोसे. आणि जिथं माणूस नेमला आहे, तिथं तो हौशी म्हाताऱ्याच्या मेमरी कार्डावर पहारा देतो आहे.

हे एका खात्यापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. या देशात पुलाला तडा गेला तर तड्याचा फोटो काढणाऱ्याला आधी विचारतात, तू कोण. दवाखान्यात छत गळतं तिथंही पाटी फोटोबंदीची. बादली नंतर येते. कंत्राटदाराला खोदायला परवानगी तोंडी चालते, नागरिकाला बघायला परवानगी लेखी लागते, तीन प्रतींत. धार्मिक जागी तर सोयच झाली आहे. ‘पावित्र्य’ म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. पावित्र्याच्या पडद्याआड नेमकं काय झाकलं जातं, ते जुन्या देवळांतल्या ग्रॅनाइटच्या फरश्यांना, शिखरांवरच्या रंगाच्या डब्यांना आणि गाभाऱ्याबाहेर दगडात ठोकलेल्या एसीच्या ब्रॅकेटांना विचारा.

मागायला बसलो तर यादी मोठी होईल. तूर्त एवढं करा. 2018 चा तो आदेश प्रत्येक स्मारकाच्या दारात लावा, तिथल्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, खाली सहीशिक्क्यासह, म्हणजे तो ‘पेपरातला’ राहणार नाही. जिथं फोटो नको तिथं ‘इथून आत नको’ अशी रेघ आखा आणि शेजारी कारण लिहा. ते पुजाऱ्यांना, मुजावरांना, भिक्खूंना विचारून लिहा, ते सांगतील. मोबाईल आणि कॅमेरा यांत फरक करणारा नियम कुठं असेल तर तो छापा, नसेल तर तसं रक्षकांना कळवा. ट्रायपॉडच्या अर्जात व्यक्तीसाठी रकाना घाला. आणि दरवर्षी प्रत्येक स्मारकाचे तारखेसह फोटो काढून ते सगळ्यांना बघायला ठेवा. निधी नाही हे उत्तर येणार, ते मला पाठ आहे. साहेब, निधी लागत नाही. गावोगावचे हौशी लोक स्वतःच्या खर्चानं हे काम करायला तयार आहेत. त्यांना आत येऊ द्या, एवढंच.

गंगेच्या खांद्याला भोक पाडायची परवानगी कोणी, कोणत्या तारखेला दिली, हे मी माहिती अधिकारात विचारलं आहे. तीस दिवसांची मुदत चालू आहे.

कळावे,
आपला,
कोणत्याही संस्थेचा नसलेला एक नागरिक