खेळ घडवणाऱ्यांची नावे छापा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुलांच्या गेमच्या नादाविषयी नेहमी काही ना काही छापून येते. पालकांची काळजी, डॉक्टरांचा सल्ला, किती वेळ खेळू द्यावे याचा हिशोब. हे सगळे हवेच. पण हे खेळ करते कोण, कुठे बसून करते, याविषयी आपल्याकडे काही वाचल्याचे मला आठवत नाही. ती माणसे आपल्याच राज्यात आहेत, पुण्यात तर बरीच आहेत. माझी धाकटी मुलगी त्यांतलीच एक, म्हणून हे पत्र.

ती टेस्टर आहे, म्हणजे खेळ बाजारात येण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी. दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. लॉकडाऊनमध्ये ती घरून काम करत होती तेव्हा मी ते काम शेजारी बसून पाहिले. एका किल्ल्याचा भाग तिच्या वाट्याला आला होता. त्यातल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कोपऱ्यात खेळातला माणूस नेऊन आदळायचा. आधी चालत, मग धावत, मग उडी मारून, मग वाकून. कुठेतरी तो भिंतीत अर्धा घुसतो किंवा जमिनीतून आरपार खाली पडतो. सापडले म्हणून संपत नाही. खेळ पुन्हा सुरू करून तीच चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते, कारण जी पुन्हा घडत नाही ती प्रोग्रामरला दुरुस्त करता येत नाही. मग नोंद करायची: कोणते बिल्ड (म्हणजे खेळाची त्या दिवशीची आवृत्ती), कोणती जागा, कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, दहा वेळा केले तर किती वेळा घडले. सोबत व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी नवे बिल्ड येते, कालची चूक दुरुस्त झाल्याचा शेरा असतो, म्हणून पुन्हा त्याच भिंतीपाशी जायचे. भिंत नीट झालेली असते आणि काल उघडणारे दार आज उघडत नाही. प्रकाशनाची तारीख जवळ आली की हे सगळे रात्री अकरा-बारापर्यंत चालायचे आणि जेवणाचे ताट टेबलावर तसेच झाकलेले राहायचे. याला त्यांच्यात क्रंच म्हणतात. आणि काम कोणत्या खेळाचे आहे हे घरातही बोलायचे नाही, असा कागद सही करून दिलेला.

तो खेळ बाजारात आला तेव्हा तिने शेवटची नामावली आम्हा सगळ्यांना दाखवायला लावली. नावे खालून वर सरकत होती, आम्ही वाट पाहत होतो. तिचे नाव आले नाही. ती दुसऱ्या एका कंपनीमार्फत कंत्राटावर होती, त्यामुळे त्या कंपनीचे नाव एका ओळीत होते, माणसांची नव्हती. ती काही बोलली नाही. तिचे वडील मात्र नामावली मागे नेऊन पुन्हा पाहायला सांगत होते. कंपनीचे नाव मी इथे देत नाही, कारण या धंद्यात असे सर्रास चालते आणि एकट्यादुकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

ही तक्रार या धंद्याइतकीच जुनी आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीचे खेळ घरोघरी पोहोचले, पण ते लिहिणाऱ्यांची नावे छापायची नाहीत असे कंपनीचे धोरण होते. कापड उद्योगातून आलेले रे कॅसार तेव्हा प्रमुख होते. 1979 मध्ये कोणत्या खेळाची किती विक्री झाली याचा एक कागद कार्यालयात फिरला. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी बेरीज केली, तेव्हा कंपनीच्या खेळांच्या विक्रीतला निम्म्याहून अधिक वाटा त्यांच्या खेळांचा निघाला. त्यांना मिळत होता साधा पगार. चौघे कॅसार यांच्याकडे गेले. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की कारखान्यात खोके जुळवणाऱ्यापेक्षा तुम्ही काही जास्त महत्त्वाचे नाही, असे उत्तर मिळाले. मला तर त्या उत्तरात खोके जुळवणाऱ्याचाही अपमान दिसतो. त्याचेही नाव कुठे होते?

त्याच अटारीत वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहीत होता. त्याने वरिष्ठांना न सांगता खेळात एक गुप्त खोली ठेवली. तिथे जायचे तर पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा एक ठिपका शोधून उचलून न्यावा लागे. आत गेल्यावर मोठ्या अक्षरांत झळकायचे: हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. खेळाला एकूण जागा चार किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्यातली थोडी जागा या माणसाने स्वतःच्या नावासाठी खर्च केली, आणि कंपनी सोडून जाईपर्यंत कोणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी ती खोली शोधली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने, आणि त्याने अटारीला पत्र लिहून कळवले. कंपनीने लपवलेले नाव एका चाहत्याने उजेडात आणले. चाहता असावा तर असा.

ते चौघे अटारी सोडून गेले आणि ऑक्टोबर 1979 मध्ये जिम लेव्ही यांच्यासोबत त्यांनी ॲक्टिव्हिजन सुरू केली. खेळाच्या माहितीपुस्तिकेत तो लिहिणाऱ्याचे नाव आणि फोटो छापायचा, शिवाय त्याच्याच शब्दांत खेळायच्या चार युक्त्या द्यायच्या, हा त्यांचा रिवाज. क्रेन यांचा ‘पिटफॉल’ 1982 मध्ये आला. त्यात वीस हजार गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला, की कंपनीकडून कापडी बिल्ला यायचा. मुले तो जॅकेटवर शिवून घ्यायची. पत्रे हजारोंनी येत. आज गेमच्या चाहत्यांचे जे जग आपण पाहतो त्याची सुरुवात बरीचशी इथे आहे, आणि ती नाव-चेहऱ्यासकट झाली. मुलगा पत्र लिहायचा तो फोटोतल्या एका माणसाला. अशा पत्राची भाषा वेगळी असते. मी अनेक वर्षे शाळेत शिकवले आहे, मुले ओळखीच्या माणसाशी कशी बोलतात हे मी पाहिले आहे.

आता 2020 चा सप्टेंबर आठवा. युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करायला घेतल्याचे जाहीर झाले. एवढ्या नावाजलेल्या खेळाची धुरा भारतातल्या स्टुडिओंकडे येणे ही मोठी गोष्ट होती. (माझी मुलगी त्या कंपनीत नाही, कधी नव्हती.) झलक आली आणि जगभरातून चाहते तुटून पडले. चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश नीट पडलेला नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा होता. पैसे मोजणाऱ्याने बोलायलाच हवे. पण भारतात काम दिले की असेच होणार, हा सूर मी स्वतः वाचला आणि मला तो सहन झाला नाही. खेळ जानेवारी 2021 मध्ये यायचा होता. तो मार्चवर गेला, मग तारीखच राहिली नाही, आणि मे 2022 मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले गेले. इतके दिवस त्या भिंती, ते चेहरे घडवणाऱ्या पोरांचे काय झाले असेल? मराठी वर्तमानपत्रांत मला त्याविषयी काही दिसले नाही. आपल्या राज्यातली गोष्ट, आणि आपल्याला तिची खबर नाही.

असे केवळ आपल्याच लोकांना सोसावे लागते असेही नाही. 2020 मध्येच पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने ‘सायबरपंक 2077’ तीन आठवडे पुढे ढकलला, तेव्हा तो करणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिथल्या एका डिझायनरला जाहीरपणे सांगावे लागले की आम्हीही माणसे आहोत. आणि घाईने तो डिसेंबरात आणला तर इतका सदोष निघाला की सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला. उशीर केला तर धमकी, घाई केली तर शिव्या. मधल्या मधे भरडला जातो तो टेबलापाशी बसलेला माणूस, ज्याने तारीख ठरवलेली नसते.

या माणसांच्या बाजूने घरच्यांनी बोलायचे हेही काही नवे नाही. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने नाव न देता एक जाहीर पत्र लिहिले. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम, जादा वेळेचा पैसा नाही, असा तिच्या घरातला अनुभव होता. त्या पत्राने खळबळ उडाली. कर्मचाऱ्यांनी भरलेल्या दाव्यांत कंपनीने कलाकारांसाठी 1 कोटी 56 लाख आणि प्रोग्रामरांसाठी 1 कोटी 49 लाख डॉलरची तडजोड केली. एरिन हॉफमन हे तिचे नाव नंतर पुढे आले. मुलीचे ताट झाकून ठेवताना मला ती बाई आपली वाटते.

पुण्यात दुसरी गोष्टही घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा खेळ केला. सर्कशीत काम करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला असुर पळवून नेतात, ती त्याला शोधायला निघते आणि हाती असतो दुर्गेने दिलेला त्रिशूळ. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून 1 लाख 20 हजार पौंड उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी खेळ पुरा केला. 18 ऑगस्ट 2020 रोजी तो आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. माझ्या मुलीने तो घरी मला खेळून दाखवला. तिने सगळ्यात आधी काय केले असेल, तर भिंतीवर आदळून पाहिले. सवय!

आता मागणे. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, अगदी सूत्रधाराचेही नाव येते. मराठी प्रेक्षक ती नावे वाचतो आणि नेपथ्य कोणाचे आहे हे पाहून नाटकाला जातो. मग गेमविषयी लिहिताना तो कोणत्या शहरातल्या कोणत्या स्टुडिओत झाला, कोणी लिहिला, कोणी चित्रे केली, कोणी तपासला, एवढे तरी आपल्या पुरवणीने छापावे. महाराष्ट्रातल्या गेम कंपन्यांनी परदेशी प्रकाशकाशी करार करतानाच अट घालावी, की कंत्राटावरच्या माणसांसकट सगळ्यांची नावे शेवटी येतील. त्याला जवळजवळ काही खर्च नाही. नोकरी बदलताना मात्र त्या नावावर पुढचे काम मिळते, कारण गुप्ततेचा कागद सही केलेल्याला दुसरा पुरावा दाखवता येत नाही. आणि खेळणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे: चूक दिसली तर जरूर लिहा, पण कोणत्या ठिकाणी, काय केल्यावर घडली ते लिहा. अशा पत्राचा टेस्टरला खरोखर उपयोग होतो, असे माझी मुलगी सांगते.

सुरुवात ‘राजी’पासून करता येईल. तो खेळ पुण्यातच घडला आहे आणि करणाऱ्यांची नावे त्याच्या शेवटी दिलेली आहेत. आपल्या वार्ताहराला कोथरूड किंवा हडपसरहून फार लांब जावे लागणार नाही.

आपली नम्र,
एका टेस्टरची आई, निवृत्त शिक्षिका
सांगली