'उत्साहात संपन्न' नको, आदल्या दिवशी सांगा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

एक तक्रार आहे आणि ती थेट आपल्याच पेपरबद्दल आहे, तेवढी छापा म्हणजे झालं. विद्यापीठात किंवा शहरातल्या कुठल्या मोठ्या संस्थेत काही चांगला फुकट कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी येते, 'कार्यक्रम उत्साहात संपन्न', सोबत दीपप्रज्वलनाचा फोटो, पाहुण्यांच्या हातात पुष्पगुच्छ. अहो पण तो होणार आहे हे आदल्या दिवशी कुठे होतं? संपन्न झाल्यावर आम्ही काय करायचं, फोटो बघायचा?

आता पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचंच घ्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, म्हणजे रामन यांनी १९२८ मध्ये ज्या शोधाची घोषणा केली तो दिवस. त्या दिवशी आयुकाचं आवार सगळ्यांसाठी खुलं करायची जुनी पद्धत आहे, एक पैसा तिकीट नाही. पोरं टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या स्टाईलची स्ट्रॉ आणि काडेपेटीची खेळणी बनवत बसतात, शास्त्रज्ञांना थेट काय वाट्टेल ते विचारता येतं, रात्री ढग नसले तर दुर्बिणीतून आकाश. शिवाय तिथला तो फुकोचा लंबक, तो नुसता झुलताना बघून कुणी पुढे जाऊ नये, थोडं थांबावं. आपल्या पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झुलण्याची दिशा तासाला जेमतेम पावणेपाच अंश सरकते, पूर्ण गोल व्हायला तीन दिवसांहून जास्त लागतात, आणि पृथ्वी फिरते याचा पुरावा असा समोर झुलताना दिसतो, पुस्तकातल्या आकृतीत ही मजा नाही.

आयुकातच खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांच्या काळात सुरू झालेली दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं आहेत, खास शाळकरी मुलांसाठी. सर स्वतः मुलांना नुसती सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. पण या व्याख्यानांचा निरोप शाळेमार्फत येतो, आणि ज्या शाळेत विज्ञानाचे सर उत्साही तिथली मुलं जातात, बाकीच्यांना पत्ताच नसतो.

विद्यापीठात हे एकच नाही. ललित कला केंद्रातल्या मुलांचे नाटकाचे प्रयोग बऱ्याचदा सगळ्यांना खुले असतात, अंगणमंचावर संध्याकाळी नाटक बघणं म्हणजे काय ते एकदा जाऊनच कळतं, पण ते कळतं कुणाला, तर ज्याचा भाचा तिथे शिकतो त्याला. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची जयकर व्याख्यानमाला तर गावोगावच्या कॉलेजात जाते, तीही आम्हाला 'संपन्न' झाल्यावरच भेटते.

बरं, कळलं तरी पोचणं वेगळं. मध्यंतरी शहरातल्याच एका कॅम्पसवर (नाव मुद्दाम देत नाही, हे सगळीकडेच होतं) व्याख्यान ऐकायला गेलो, पोस्टरवर चक्क 'सर्वांसाठी खुले' लिहिलेलं, आणि गेटवर प्रश्न, कोणत्या डिपार्टमेंटला जायचंय, कुणाला भेटायचंय, आयडी दाखवा. मी म्हटलं दादा कुणालाच भेटायचं नाहीये, ऐकायचंय. त्याने वहीत बघितलं, वहीत तो कार्यक्रमच नव्हता. वॉचमनची चूक नाही हो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी एक ओळखीची विद्यार्थिनी दिसली म्हणून आत गेलो, तर हॉल अर्धा रिकामा, आणि पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, मान्यवरांसाठी राखीव!

मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेवाल्यांनी यावर बरा तोडगा काढला. त्यांचा 'चाय अँड व्हाय' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम संस्थेच्या कुलाब्याच्या गेटाआड न होता पृथ्वी थिएटरात आणि रुपारेल कॉलेजात, रविवारी सकाळी. चहा घ्या, प्रश्न विचारा, घरी जा. आणि तिकडे जुन्नर तालुक्यात खोडदला, जिथे आणि आसपासच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश उभ्या आहेत, विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या शाळांची पोरं आपापली मॉडेल्स घेऊन येतात आणि गर्दी होते. म्हणजे लोकांना हौस नाही असं कुणी म्हणू नये.

तर मागणी साधी आहे. दर गुरुवारी किंवा शुक्रवारी एक चौकट द्या. सेल, साडी प्रदर्शन, फ्लॅटच्या स्कीम यांना अख्खं पान मिळतं, ह्याला चार इंच पुरे. त्यात कार्यक्रम काय, मराठीत की इंग्रजीत, नाव नोंदवायचं का आणि कुठल्या नंबरवर (ती गुगल फॉर्मची लिंक आमच्या आईच्या पिढीला कुणी उघडून द्यायची?), कॅम्पसच्या आत नक्की कुठली इमारत, मेन गेटने यायचं की खडकीकडून, कारण विद्यापीठ चौकाची अवस्था आपण जाणताच. संस्थांनीही यादी तुम्हाला पाठवताना तीच गेटवरच्या वहीत चिकटवली तर बरं होईल.

पुष्पगुच्छाचे फोटो हवे तर त्यानंतर छापा, आमची हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, औंध, पुणे