शेतीचा सल्ला भांडणात मुरला, तरच मालिका चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्याला आपल्या गावाकडची, ठरल्या वेळी नेमाने लागणारी रेडिओ-मालिका हवी. ती कशी हवी हेही बोलायला पाहिजे. कारण ‘कौटुंबिक’ म्हटले की टीव्हीवरची कारस्थानी सासू आठवते आणि ‘शेतीविषयक’ म्हटले की माइकपुढे कागद वाचणारे साहेब. दोन्ही नकोत.

बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या रेडिओ-मालिकेने दोन्ही टाळून दाखवले आहे. मे १९५० मध्ये चाचणीचे पाच भाग झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून अँब्रिज या काल्पनिक खेड्याची ही मालिका ब्रिटनभर ऐकू येऊ लागली. आज आठवड्याला सहा भाग, प्रत्येक सुमारे तेरा मिनिटांचा. भागांची संख्या वीस हजारांपलीकडे गेली आहे. ती सुरू झाली त्या काळात दुसरे महायुद्ध संपले तरी रेशनिंग चालू होते, उत्पादन वाढवायचे होते, पण शेतकरी भाषणे ऐकत नव्हते. १९४८ च्या एका बैठकीत एका शेतकऱ्यानेच सुचवले, की रेडिओवर तेव्हा गाजणाऱ्या गुप्तहेर मालिकेसारखे काहीतरी शेतीवर करा. निर्माते गॉडफ्रे बेसली यांनी ते मनावर घेतले. १९७२ पर्यंत मालिकेचा शैक्षणिक हेतू उघड होता. नंतर तो मागे पडला, पण शेती मागे पडली नाही. आजही संहितेतली शेती पाहायला वेगळा जाणकार असतो.

हा जाणकार संहिता तपासतो, संवाद म्हणत नाही. आपल्याकडे चूक इथेच होते. कृषी अधिकारी नावाचे पात्र येते, चार मिनिटे बीजप्रक्रिया सांगते, बाकीचे ‘होय साहेब’ म्हणतात आणि श्रोता केंद्र बदलतो. तीच माहिती अशी आली पाहिजे:

‘बी घरचंच हाय, त्याला कशाला औषध?’
‘मागल्या साली कणसात काळी भुकटी निघाली, ती बी घरचीच व्हती का मामंजी?’

पुढे सून किलोला चार ग्रॅम गंधक तागडीत मोजते आणि सासरा पाठ फिरवून बसतो. मालदांडी ज्वारीवरचा काणी रोग, त्याचा उपाय आणि घरात शब्द कोणाचा चालतो, हे सगळे चाळीस सेकंदांत आले. हा प्रसंग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच लागायला हवा. पेरणी उरकल्यावर त्याला किंमत नाही.

मोठी कथा मात्र सावकाश शिजवावी. आपल्याकडे तिला विषय शोधायला नको, सामाईक विहीर आहे. सातबारावर तीन भावांची नावे, विहिरीत थोरल्याचा आठ आणे हिस्सा, धाकट्या दोघांचा चार-चार आणे. थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. धाकट्याची पाळी नेमकी रात्री येते. एकाचे डाळिंब ड्रिपवर, दुसऱ्याचा ऊस पाटपाण्यावर. पाणी मार्चमध्ये खाली जाते आणि भांडण वर येते. त्यातच वडील जातात, वारस नोंद करायची म्हणून बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते, आणि ती ‘विचार करते’ म्हणते. वर्षभराची मालिका या दोन शब्दांवर उभी राहते.

इथे तपशील चुकला की गाव हसते. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते, स्टँपपेपरवर सही घेऊन भागत नाही. फेरफार धरल्यावर नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणजे सोमवारी सही आणि मंगळवारी सातबारा असे दाखवता येत नाही. उलट ते पंधरा दिवस लेखकाला फुकटात मिळालेला ताण आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे वाक्य वकिलाच्या तोंडी घालू नका. बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडी घाला, म्हणजे ते खरे असूनही संशयाचे वाटेल. अँब्रिजमध्येही फिल आर्चरची ब्रुकफील्डची शेती कसणाऱ्या डेव्हिडकडे जावी की भावंडांत वाटावी, यावरून घर दुभंगले होते.

छळाची कथा घ्यायची असेल तर ‘आर्चर्स’मधल्या हेलन आणि रॉब या जोडप्याच्या कथेची बांधणी अभ्यासावी. नवरा पहिल्या आठवड्यात हात उगारत नाही. आधी बायकोची गाडी चालवणे बंद, मग मैत्रिणी, मग पैसे. हे दोन वर्षांहून अधिक चालले आणि एप्रिल २०१६ मध्ये हेलनने रॉबवर चाकू चालवल्याचा प्रसंग आला. अशा मानसिक जाचाला इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासूनच स्वतंत्र गुन्हा मानले जाऊ लागले होते. एका श्रोत्याने पीडित स्त्रियांच्या संस्थेसाठी सुरू केलेल्या निधीत लाखाहून अधिक पौंड जमले. सनसनाटीही त्यांनी केली आहे: २२ सप्टेंबर १९५५ ला, नेमकी प्रतिस्पर्धी आयटीव्ही सुरू झाली त्या रात्री, तबेल्याच्या आगीत ग्रेस आर्चरला मारले. आमच्या मते तो एकदाच चालणारा डाव.

आता कारागिरी. तेरा मिनिटांना तेराशे ते दीड हजार शब्द पुरतात, प्रसंग पाच-सहा, आवाज सहा-सातपेक्षा जास्त नकोत. एका घरात सुनंदा, सुरेखा आणि सुलोचना ठेवल्या की श्रोता हरवला. पहिल्या दोन वाक्यांत कोण कुठे आहे ते कळावे. अर्धा मिनिट न बोललेले माणूस रेडिओवर निघून गेलेले असते, म्हणून त्याचा हुंकार किंवा कपबशी वाजवत राहावी. उलट, ज्याचा फक्त उल्लेख होतो असे पात्रही कामाचे. आपला सरपंच वर्षानुवर्षे न बोलता गाव चालवू शकतो, मानधनही वाचते.

आवाजांसाठी ‘आर्चर्स’च्या बर्मिंगहॅममधल्या स्टुडिओत लोखंडी फाटक म्हणून इस्त्रीचे जुने टेबल वाजवत आणि गवत म्हणून ध्वनिमुद्रणाची जुनी फीत चुरगाळत. आपल्याकडे काठवटीत भाकरी थापणे खरेच ध्वनिमुद्रित करावे, त्याची नक्कल जमत नाही. मोटारीच्या स्टार्टरचा खटका आणि विहीर आटल्यावर पाइपाच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हने हवा ओढल्याचा आवाजही तसाच. शेतातला प्रसंग उघड्या भिंतींच्या खोलीत केला तर न्हाणीघरात बोलल्यासारखा घुमतो. तीन बाजूंनी गोधड्या टांगाव्यात.

बोली एकच ठेवून चालणार नाही. बार्शीकडचे बोलणे अक्कलकोटला कानाला लागते. घर बार्शीकडचे आणि सून अक्कलकोटकडची केली तर तिच्या तोंडी कानडी आपोआप येते, टोमण्यालाही जागा मिळते. गड्ड्याची यात्रा आणि आषाढी आधीच लिहिता येतात. पाऊस लिहिता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरच्या प्रत्येक भागात एक मिनिटाचा संवाद दोन प्रकारे करून ठेवावा, पडला तर आणि न पडला तर.

सुरुवातीला आठवड्याला दोन भाग पुरेत, पण पहिले सव्वीस लिहून आणि निम्मे ध्वनिमुद्रित झाल्याशिवाय शीर्षकधून वाजवू नये. लेखक तीन तरी हवेत. कलाकार आजारी पडला तर त्याच्या पात्राला महिनाभर पुण्याला लेकीकडे धाडता येईल, अशी एक लेक कथेत पहिल्यापासून ठेवावी.

आपले,
श्रुतिका-लेखनात रस असणारे काही जण, सोलापूर