पावसाळ्यातलं अंतर

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आरोग्य उपकेंद्रातल्या तक्त्याचा फोटो पाहिला. प्रत्येक टोल्यापुढे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीपुढे, किलोमीटर लिहिलेत. तो आकडा अहवालापुरता ठेव. तुझ्या वहीत तीन रकाने पाड: उन्हाळ्यात किती वेळ, नाला भरल्यावर किती, आणि रात्री किती.

सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,०००. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ३०,००० आणि २०,०००. यात डोकी मोजली आहेत, वाट कोणी मोजली नाही. गडचिरोलीत एटापल्लीकडे तेवढी डोकी जंगलात विखुरलेली. कागदावर निकष पुरा, आणि बाळंतीण नाल्यापलीकडे. एसटीचंही तसंच. गाडी दुपारी एकला पोचत असेल आणि ओपीडी त्याआधी उठत असेल, तर त्या गावाला दवाखाना नाही असंच धर.

१०८च्या रुग्णवाहिकेचा हिशेब नीट समजून घे, इथेच सगळे चुकतात. समज केंद्रापासून फाट्यापर्यंत डांबरी, अर्धा तास. फाट्यापासून टोल्यापर्यंत कच्चा, आणखी अर्धा तास. गाडी टोल्यापर्यंत बोलावली तर येणं एक तास, जाणं एक तास. फोन लावला तेव्हाच पेशंटला ट्रॅक्टरने फाट्याकडे काढलं, तर सगळं मिळून साधारण एका तासात काम होतं. ट्रॉलीत तणसाचा जाड थर, वर गादी, गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजव. ट्रॅक्टर कोणाकडे, डिझेल असतं का, आणि संध्याकाळी सात नंतर शुद्धीत असणारा ड्रायव्हर कोण, हे आशाताईला विचारून नावानिशी लिही. हसू नको, हा रकाना सगळ्यात कामाचा.

१०८चा फोन पुण्यात लागतो. तिथल्या माणसाला टोला कळत नाही. आधी जिल्हा, तालुका, आरोग्य केंद्र, मग महसुली गाव, शेवटी टोला. रेंज कुठल्या टेकाडावर येते तेही वहीत हवं.

साप चावला तर आधी केंद्रात फोन: डॉक्टर मुक्कामी आहेत का, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती वायल आहेत? विषबाधेची लक्षणं दिसली तर सुरुवातीलाच साधारण १० लागतात. दोनच असतील आणि ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलून पेशंट थेट तिकडे. चावलेला अवयव हलू देऊ नको, दोरी बांधलेली असेल तर दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सुटू दे.

जून ते सप्टेंबरमध्ये ज्यांची ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, येते त्यांची यादी मेमध्येच काढ. नाल्यापलीकडच्या बायांना तारखेच्या आधी माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्राजवळच्या गरोदर बायांच्या मुक्कामाच्या खोलीत, आण. बाई "नाही" म्हणते तेव्हा भीतीपेक्षा घरचं कारण जास्त असतं: धाकटं पोर, बकऱ्या, धानाची रोवणी. पोर आणि घरचं एक माणूस सोबत राहू शकतं, हे तिला नाही, सासूला सांग. रोवणीचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा तारीख वाकवून घ्यावी लागते, शेजारणीशी बोलावं लागतं.

वही जाड पुठ्ठ्याची घे आणि वरून प्लॅस्टिक चढव. पहिला फेरा रोहिणी लागायच्या आत, पायी कर. मोटरसायकलवरून नाल्याची खोली कळत नाही.

तुझा,
बाबा