दिग्यास पत्र, पोरांच्या मानधनाबद्दल

मारेगाव,
एप्रिलअखेर

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावला असशील. रागव, पण हे वाच. आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक.

उन्हाळी सेवा प्रकल्पाला पैसे मंजूर झाले! वीस पोरं, सहा आठवडे, गावात सांडपाण्याचे शोषखड्डे. पण पहिल्याच बैठकीत निघालं, मानधन कापा, टी-शर्ट आणि उद्घाटनाचा मंडप करा. म्हणे, ‘सेवेला पैसे कशाचे?’ तुझंच वाक्य, लेका. यावरून आपण शेवटची एसटी चुकेस्तोवर भांडलो होतो, आणि तर्रीपोह्याचे पैसे तू अजून दिले नाहीस.

एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांतले २४० तास कॉलेज चालू असताना वाटून होतात, म्हणून ते बिनपैशाचं निभतं. मे वेगळा. मे म्हणजे तेंदूपत्ता, विडीच्या पानांची तोडणी. पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची, पोरगी पहाटे जंगलात जाते आणि त्या कमाईतून घरात बियाणं येतं. तिला फुकट खड्डे खणायला कसं बोलवायचं? मग येतील ती फक्त खाऊन-पिऊन सुखी घरची. २०१८ च्या स्वच्छ भारत समर इंटर्नशिपला १०० तासांचे कॉलेजच्या अभ्यासक्रमात २ क्रेडिट होते, पण क्रेडिटवर कृषी केंद्रवाला बियाणं देत नाही. मानधन रोहयोच्या मजुरीपेक्षा कमी नको, आणि दर आठवड्याला खात्यात पडलं पाहिजे. ‘शेवटी एकदम’ म्हटलं की दुसऱ्या आठवड्यापासून गळती.

खड्ड्याचंही टोचतंय. सगळे नांदेडकडचा चार बाय चार बाय चार फुटांचा नमुना उचलतात. आपल्या काळ्या मातीत मे महिन्यात भेगा असतात, बादली ओतली की पाणी गडप, पोरं खूश. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. म्हणून तळाशी फूटभर खळगा करून रात्रभर पाण्यानं भरलेला ठेवायचा, सकाळी पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरली ते काठीवर मोजायचं. उतरत नसेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम फार खोल असेल तर त्या घराला खड्डाच नको, पाणी परसातल्या झाडांना वळवायचं. तळाशी डोक्याएवढे दगड, वर मुठीएवढे, मधे भोकं पाडलेली टाकी, वरून जाड प्लास्टिक आणि माती. आत फक्त न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी, संडासाचं नाही. विहीर-हातपंपापासून लांब. आणि खड्ड्याआधी छोटी कुंडी हवीच, शितं, केस, साबणाचा गाळ तिथंच अडावा म्हणून. ती घरच्यांनी आठवड्याला उपसली नाही तर चांगला खड्डाही तुंबतो, तेव्हा खणण्याआधी घरच्या बाईशीच बोलायचं, सरपंचाशी नाही.

काम सकाळी साडेपाच ते साडेनऊ. जूनचा पहिला आठवडा संपायच्या आत दगड भरून मोकळं, उघडा खड्डा पहिल्या पावसात ढासळतो. बकऱ्या पडतात ते वेगळंच.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींची बदली रद्द झाली, बरं झालं. छोटीच्या बारावीचं कळव.

मंगळवारी पुन्हा बैठक आहे. मानधनाची रक्कम मंडपाकडे वळवायला अनुदान देणाऱ्याची लेखी परवानगी लागते का, हे तू हिशेबतपासनीस म्हणून दोन ओळींत लिहून दे. सोमवारपर्यंत. तुला पटत नसलं तरी दे.

तुझाच,
बंडू